नुईचं पोट आणि इसाबुरोंचं पिंप

इसाबुरोंच्या पिंपातल्या माशाने बरा होत नाही असा आजार आमच्या गावात नव्हता. निदान नुई आजारी पडेपर्यंत तरी नव्हता.

सर्दी झाली, जा इसाबुरोंकडे. बाळंतिणीला दूध येत नाही, जा इसाबुरोंकडे. नवऱ्याची रात्रीची साके सकाळी उतरत नाही, त्याला दंडाला धरून न्या इसाबुरोंकडे. ते माशाच्या पातळ चकत्या वाडग्यात ठेवायचे, वर चिमूटभर मीठ, त्यावर उकळता चहा, आणि वर झाकण. झाकण काढलं की जो वास यायचा त्यानेच निम्मा आजार घर सोडून पळायचा. उरलेला निम्मा पहिला घोट घशाखाली उतरला की घाम होऊन जायचा. आमचे डॉक्टर निवा म्हणायचे, "या माणसाने माझा धंदा बसवला." असं म्हणून ते स्वतःच्या जळजळणाऱ्या पोटासाठी एक मासा कागदात बांधून घ्यायचे.

सुशी म्हटलं की शहरातल्या माणसांना भाताच्या मुटक्यावर ठेवलेली ताज्या माशाची गुलाबी चकती आठवते. ती कालची पोर. आमच्या तळ्याकाठची सुशी ही तिची खापरपणजी. वसंतात अंडी घालायला काठच्या बोरूत शिरलेले फुना मासे धरायचे, खवले काढायचे, कल्ल्यातून तारेचा आकडा घालून आतडी ओढून घ्यायची, पण पोटातल्या गाबोळीला धक्का लागू द्यायचा नाही. मग मासे मिठात दाबायचे. भर उन्हाळ्यात मीठ धुऊन ते सावलीत सुकवायचे आणि शिजवलेल्या भातात थरावर थर लावून लाकडी पिंपात भरायचे. वर झाकण, झाकणावर धोंडे, आणि हवा आत शिरू नये म्हणून वर पाणी. ते उघडायचं नववर्षाला. तोवर भाताचा आंबट चीक झालेला असतो, माशाचं हाड लोण्यासारखं मऊ झालेलं असतं, आणि तुमच्याकडे पिंप उघडलं हे चार घरं पलीकडे सांगावं लागत नाही. परगावचा पाहुणा पहिली चकती तोंडात टाकतो तेव्हा त्याचा चेहरा बघणं ही आमच्याकडची नववर्षाची सगळ्यात स्वस्त करमणूक.

पिंप घरोघर असतं, पण इसाबुरोंच्या पिंपासारखं पिंप नव्हतं. ते त्यांनाही ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे ते दुसऱ्याला विसरू देत नसत. माणूस अंगाने काटकुळा, उंचीला बेताचा, पण दुसऱ्याच्या घरी नववर्षाला जाऊन बसला की शिंतोच्या पुजाऱ्यासारखा ताठ व्हायचा. ताटलीतली चकती नाकाजवळ न्यायचे, डोळे मिटायचे, आणि चकती खाऊन झाल्यावर एवढंच म्हणायचे, "कोवळं आहे अजून." एवढ्या तीन शब्दांनी त्या घरातली सून वर्षभर सासूची बोलणी खायची. मी गावचा न्हावी. माझ्या खुर्चीत बसून या माणसाने गावातल्या प्रत्येक पिंपाची कुंडली मांडलेली मी ऐकली आहे. माझ्या पिंपाला त्यांनी एकदा "वाईट नाही" म्हटलं होतं. माझी बायको ते अजून पाहुण्यांना सांगते.

त्यांची बायको नुई डोंगरातली. तळ्यापासून वर, जिथे नदी अंगठ्याएवढी होते आणि दुपारीच ऊन मावळतं, त्या बाजूची. तिच्या गावी मासा म्हणजे ओढ्यातली बोटभर मासळी. लग्नाच्या दिवशी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नव्या नवरीपुढे सासूने पिंपातली पहिली चकती ठेवली. सगळ्या बायका तोंडावर बाही धरून बसल्या, आता पोरगी रडते की ओकते हे बघायला. नुईने चकती तोंडात घातली, गिळली, दोन्ही हात जमिनीला टेकवून वाकली आणि म्हणाली, "छान आहे."

ही गोष्ट इसाबुरोंनी मला किती वेळा सांगितली असेल त्याचा हिशोब नाही. "डोंगरातली पोर, पण पहिल्याच घासाला ओळखलं तिने," म्हणायचे. स्वतःच्या बायकोचं दुसरं काही कौतुक त्यांनी कधी केलेलं माझ्या कानावर आलं नाही, पण हे एक होतं.

आणि खरं सांगायचं तर पिंपाचं नाव झालं तेच नुई आल्यावर. तिचे हात बारा महिने गार असायचे. भात दाबून भरायला गरम हाताचा माणूस उपयोगाचा नसतो, भात आधीच आंबायला लागतो, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात. इसाबुरो मासे साफ करायचे, रचायचे, धोंडे ठेवायचे, वर्षभर पाणी बदलायचे, आणि त्या सगळ्याचा जो काही मान असेल तो घ्यायचे. भात शिजवायचा नुईने, आणि माशांच्या मधल्या बोटभर फटीत तो दाबायचा नुईने. झाकण उघडायचा अधिकार मात्र एकट्या इसाबुरोंचा. नुईने एकदा आतून वाटीभर भात काढायला झाकण सरकवलं म्हणून तीन दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. बोलत नव्हते हे नुईच्या लक्षात यायला दोन दिवस लागले, असं माझी बायको म्हणते. एरवीही घरात फार काही बोलणं नसायचं.

तर त्या वर्षी बोरूत मासे शिरले, मिठात पडले, आणि त्याच सुमारास नुईचं पोट दुखायला लागलं.

सुरुवातीला जेवल्यावर दुखायचं. मग जेवणाआधीही. इसाबुरोंनी वाडगा भरला, चहा ओतला, झाकण ठेवलं आणि तिच्यापुढे सरकवून शेतावर निघून गेले. परत आल्यावर विचारलं, "कसं आहे?"

"बरं वाटतंय," नुई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते दाढीला आले तेव्हा त्यांनी ही बातमी दुकानभर केली. मग दुखणं पुन्हा उठलं की पुन्हा वाडगा, आणि पुन्हा "बरं वाटतंय". असं सगळा उन्हाळाभर चाललं. गावातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दुखतंय, औषध देतायत, बरं वाटतंय. आणखी काय हवं असतं माणसाला? फक्त नुई उतरत चालली होती. आणि त्यांची मिके, तीन रंगांची मांजर, चढत चालली होती. मांजरीला असं काही बाळसं धरलं होतं की कुंपणावरून चालताना ती एकेका खांबावर थांबून दम घ्यायची. इसाबुरो म्हणायचे, "उंदीर झालेत यंदा." आम्ही म्हणायचो, "उंदीर खाऊन ही गत, मग मासा मिळाला तर काय होईल?" आणि हसायचो.

उन्हाळ्यातल्या ऐन उकाड्यात पिंप भरायचा दिवस आला. त्या दिवशी मी त्यांच्याकडे वस्तऱ्याला धार लावायचा दगड परत करायला गेलो होतो. नुई पिंपावर वाकून भात दाबत होती. दाबता दाबता ती तशीच पिंपाच्या काठाला कपाळ टेकवून थांबली. इसाबुरो मासे पुसत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. "थर सैल राहील," म्हणाले. नुई म्हणाली, "नाही राहणार." आणि पुन्हा दाबायला लागली. तिच्या किमोनोचा पट्टा दोन वेढ्यांऐवजी तीन वेढे घेत होता, एवढं मला दिसलं.

डॉक्टर निवांनी तिचं पोट दाबून पाहिलं ते शरद ऋतू लागताना. ते इसाबुरोंना म्हणाले, शहरात नेऊन पोटाचा फोटो काढून घ्या एकदा. इसाबुरोंनी त्यांना त्यांच्याच पोटाची आठवण करून दिली: ते कुणी बरं केलं? डॉक्टर हसले. पण आठवड्याने रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी हसू बाजूला ठेवून तेच पुन्हा सांगितलं. इसाबुरो घरी गेले आणि त्यांनी एक गोष्ट केली जी गावात कुणासाठी, अगदी देवळाच्या भटजीसाठीसुद्धा केली नव्हती. मागच्या कोठारात तीन वर्षांचं एक लहान पिंप होतं. तेवढं जुनं पिंप म्हणजे आमच्याकडे सोनं. ते त्यांनी नुईसाठी उघडलं. उगाच उघडू नका, चांगलं आहे ते, राहू दे, असं नुई परोपरीने म्हणत होती म्हणे. तिला वाटलं असेल, हे तरी वाचावं. इसाबुरोंनी ऐकलं नाही. प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? आमच्याकडच्या माणसाला प्रेम दाखवायला एक पिंप सोडून दुसरं काही नसतं, एवढंच.

त्यांची मुलगी काझुए ओत्सू शहरात दिलेली. ती सुगीच्या सणाला आली, दारातच आईला पाहिलं आणि चपला न काढता उभी राहिली. त्यानंतर बापलेकीत जे झालं ते अर्ध्या गावाने ऐकलं. काझुए बापाला म्हणाली, "बाबा, आई मासा नाहीये मिठात घालून ठेवायला." इसाबुरो म्हणाले, तिला विचार, तिला बरं वाटतंय. काझुएने आईकडे पाहिलं. आणि नुई, चालताना भिंतीचा आधार घेणारी ती बाई, म्हणाली, "बरं वाटतंय गं."

काझुए तिला दुसऱ्या दिवशी गाडीत घालून घेऊन गेली.

शहरातल्या इस्पितळात त्यांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. आत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हाची रीत अशी की हे रोग्याला सांगायचं नाही, घरच्यांना सांगायचं. इसाबुरो नुईच्या उशाशी बसून म्हणाले, "अल्सर होता, काढला." नुई म्हणाली, "बरं झालं." दोघांनाही सगळं कळलेलं होतं. त्या घरात इतक्या वर्षांत बरं या शब्दाला एवढं काम पडलं होतं की बिचाऱ्याचा अर्थच झिजून गेला होता.

नंतर जे झालं ते इसाबुरोंनी मला माझ्या खुर्चीत सांगितलं. त्यांच्या तोंडावर दाढी मऊ करायचा गरम फडका होता. माझ्या धंद्यातला अनुभव असा की तोंडावर फडका असला, डोळे झाकलेले असले, की माणूस समोर कुणी नाही असं समजून बोलतो.

ते कपडे घेऊन इस्पितळात गेले होते. सोबत जुन्या पिंपातल्या चकत्यांचा डबा. परिचारिकेने खोलीत शिरताच खिडकी उघडली आणि विचारलं, ड्रेनेज तुंबलंय का कुठे. इसाबुरोंना राग आला. नुई हसली. पोटाला टाके असल्यामुळे हसताना तिने दोन्ही हातांनी पोट धरलं, पण ती बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली,

"अहो, एक सांगू? रागावायचं नाही."

"सांग."

"मला तो मासा आवडत नाही."

इसाबुरोंना वाटलं, औषधाने जिभेची चव गेली असेल. तसं ते म्हणालेही.

"आत्ता नाही हो. कधीच नाही आवडला."

"कधीच म्हणजे?"

"लग्नापासून."

"पण तू तर म्हणालीस, छान आहे."

"मग काय म्हणणार होते? तुमची आई समोर बसली होती."

इसाबुरोंनी डब्याचं झाकण लावलं. नुईच पुढे म्हणाली, "गिळायची मी. चावायचं नाही. चावला नाही की फारसं कळत नाही. तीस-बत्तीस वर्षं जमलं की."

"आणि हे औषधाचं? वसंतापासूनचं?"

"ते नाही जमलं. पोट वरच पाठवायला लागलं. मग मिकेला घालायची."

"सगळं?"

"चहा तेवढा प्यायची."

"आणि ते जुनं पिंप?"

"तेही मिकेने खाल्लं." मग म्हणाली, "तिला फार आवडलं."

एवढं फडक्याखालून सांगून झालं. मी वस्तरा परजत राहिलो. मग फडक्याखालूनच ते म्हणाले, "दुखत असताना दुखतंय म्हणाली असती तर नेली नसती का मी तिला?"

नेली असती. मला खात्री आहे. पण दुखतंय म्हणायचं म्हणजे मासा लागू पडत नाही म्हणायचं. आणि त्या घरात तसं म्हणायला जागाच नव्हती. हे त्यांनाही कळत होतं, म्हणून तर ते माझ्या आरशाला विचारत होते.

नुई वर्ष संपता संपता गेली. थंडी होती, तळ्यावरून वारा येत होता. दहनानंतर आम्ही जोडीजोडीने, जेवायच्या असतात तसल्या लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवल्या. इसाबुरोंसोबत काझुए होती. मासे रचण्यात ज्याच्या हाताला गावात तोड नव्हती त्या माणसाच्या काडीतून हाड दोनदा निसटलं, आणि दोन्ही वेळा काझुएने खालून अलगद झेललं. बापलेकीचं वैर तिथे संपलं असावं. निदान त्यानंतर भांडण ऐकू आलं नाही.

सुतकाच्या घरात नववर्ष नसतं. दाराला गवताची दोरी नाही, भेटीगाठी नाहीत. नुईने भात भरलेलं ते मोठं पिंप मागच्या पडवीत पाण्याखाली तसंच बसून राहिलं. सुतक फिटायच्या दिवशी मासा पुन्हा पानात येतो, तेव्हा इसाबुरोंनी ते उघडलं.

मी आयुष्यात तसला मासा खाल्ला नाही. वास असा की नाकाला झोंबण्याआधी तोंडाला पाणी सुटावं. गाबोळी केशरी, घट्ट. भाताचा चीक दह्यासारखा, आंबटपणाच्या मागून किंचित गोडी. अख्खी पंगत गप्प झाली. असल्या दिवशी कुणी "वा" म्हणायचं? डॉक्टर निवांनी एक चकती खाल्ली आणि काड्या खाली ठेवल्या. माझी बायको डोळे पुसत होती आणि चावत होती. इसाबुरोंनी सगळ्यांना वाढलं, मागून मागून वाढलं, स्वतः एकही खाल्ली नाही. मिके येऊन त्यांच्या गुडघ्याला अंग घासायला लागली तेव्हा त्यांनी आपल्या पानातली तिला घातली. मारतील असं आम्हाला वाटलं होतं. मारलं नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हिला कळतं."

नुईच्या तसबिरीपुढे, पितरांच्या देव्हाऱ्यात, पिंपातली पहिली चकती ठेवायची पद्धत आहे. इसाबुरोंचे आईवडील तिथेच आहेत, त्यांना दरवर्षी मिळायची. त्या दिवशी तिथे नुसता भात होता आणि पाणी.

वसंत आला. फुना बोरूत शिरले. इसाबुरोंनी जाळं टाकलं नाही. पिंप धुऊन अंगणात पालथं घातलेलं होतं, त्यावर मिके झोपायची. गावातल्या लोकांना सर्दी व्हायची तशी झाली, आणि ते डॉक्टर निवांकडे गेले.

उन्हाळ्यात ओबोनचे दिवस जवळ आले. पितर घरी येतात ते दिवस. गेलेल्या माणसाचं पहिलं ओबोन मोठं असतं: ते माणूस पहिल्यांदाच परत येतं, त्याला वाट दाखवायला दारात पांढरा कंदील लावायचा आणि त्याच्या आवडीचं सगळं पुढे मांडायचं. इसाबुरो दाढीला आले, खुर्चीत बसले, आणि फडका ठेवण्याआधीच त्यांनी विचारलं,

"नुईला काय आवडायचं रे?"

मी म्हटलं, असं कसं विचारता, तुम्हाला माहीत असणार.

"मला ठाऊक होतं ते चुकीचं निघालं," ते म्हणाले.

दुकानात आणखी दोघं होते. एकजण म्हणाला, तिने माझ्या आईला मुळे दिलेले आठवतात. देणं वेगळं, खाणं वेगळं. मी घरात जाऊन बायकोला विचारलं. ती नुईची तीस वर्षांची शेजारीण, दोघी एका विहिरीवर तांदूळ धुवायच्या. "तिच्याकडे कधी गेलं तरी ती वाढतच असायची," म्हणाली. इसाबुरोंनी माझ्या दुकानातल्या फोनवरून काझुएला फोन लावला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं, कारण इसाबुरो कानापासून रिसीव्हर लांब धरतात.

"आई सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, बाबा. मी कधी बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ते डोंगरात गेले. नुईची थोरली बहीण तोकु तिथे अजून होती, पाठीत वाकून जवळजवळ जमिनीशी बोलणारी. लग्नानंतर इसाबुरो सासुरवाडीला एकदाच गेले होते, तेही सासऱ्याच्या मयताला. तोकुने त्यांना पायरीवर बसवलं, चहा दिला. त्यांचा प्रश्न ऐकून तिला हसू आलं, आणि मग ते गेलं.

"पाहुणे, आता आलात होय विचारायला?" ती म्हणाली. "तोचीचा मोची. लहानपणी त्याच्यासाठी माझ्याशी मारामारी करायची ती."

तोची हे डोंगरातल्या उंच झाडाचं फळ. दिसायला चकचकीत, चवीला जहर. ते वाळवायचं, पाण्यात भिजत घालायचं, वाहत्या ओढ्यात ठेवायचं, मग लाकडाच्या राखेत मुरवायचं, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा उतरतो. मग चिकट भाताबरोबर उखळात कुटायचं आणि गोळे वळायचे, तेच मोची. त्यातला थोडासा कडूपणा मागे राहावा लागतो. डोंगरातली माणसं त्याच्यावरच जीव टाकतात.

लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाला तोकुने नुईसाठी टोपलीभर पाठवला होता, असं तिने सांगितलं. इसाबुरोंच्या आईने टोपली बघितली आणि म्हणाली, हे दुष्काळात खायचं डोंगरी खाणं, आमच्या घरात तांदूळ आहेत. नुईने बहिणीला निरोप धाडला, पुन्हा पाठवू नकोस. एवढंच.

"टोपली मला आठवते," इसाबुरो नंतर मला म्हणाले. "आत काय होतं ते मी बघितलं नाही."

तोकुने गेल्या वर्षीची वाळलेली फळं पिशवीभर दिली आणि कसं करायचं ते सांगितलं. मी करून देते, असंही ती म्हणाली होती. इसाबुरो नको म्हणाले. पंधरवडाभर तो माणूस आपल्या अंगणात राख, घमेलं आणि ओढ्याचं पाणी घेऊन बसलेला गावाने पाहिला. तेच पालथं पिंप त्यांनी उताणं करून त्यात फळं भिजत घातली. एकजण कुंपणावरून म्हणाला, "इसाबुरोसान, यंदा मासे गोल दिसतायत." ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. मी सांगून पाहिलं की तोकुला विचारा, राख किती, कुठल्या लाकडाची. ते म्हणाले, चाळीस वर्षं पिंप भरतोय मी. मुरवण्यातलं मला शिकवू नकोस.

ओबोनच्या शेवटच्या संध्याकाळी, पितरांना निरोप द्यायच्या वेळी, मी उदबत्ती लावायला गेलो. पांढरा कंदील दारात होता. काझुए मागे भांडी घासत होती. देव्हाऱ्यात नुईच्या तसबिरीपुढे ताटलीत काळपट तपकिरी मोची मांडलेले होते, थोडे वाकडेतिकडे, पण पिंपातल्या माशांसारखे नीट थर लावून. पितर जेवून उठले की उरलेलं घरच्यांनी खायचं असतं. इसाबुरोंनी ताटली खाली घेतली आणि माझ्यापुढे केली.

मी एक तोंडात घातला. पहिल्या क्षणी काही नाही. मग जीभ अशी झाली की जणू कुणी सुरकुत्या पाडून दोरीवर वाळत घातली. कडू म्हणजे पोटातून वर येणारं कडू. मी चहाचा पेला शोधला. मिके आली, एक हुंगला, शेपटी उंच करून निघून गेली.

इसाबुरोंनी एक उचलला. एवढा मोची म्हाताऱ्या माणसाने तुकडे करून खायचा असतो, दरवर्षी कुणी ना कुणी घशात अडकून जातं. मी तसं म्हणेपर्यंत त्यांनी तो न चावता गिळला. डोळ्यांत पाणी आलं, गळ्याची शीर फुगली, बराच वेळ काहीच हललं नाही. काझुए ओले हात घेऊन धावत आली. मग तो खाली उतरला.

ते तसबिरीकडे वळले. दोन्ही हात चटईला टेकवून वाकले.

"छान आहे," म्हणाले.

मग तसेच वाकलेले असताना, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाले, "राख कमी पडली."